जांभ्याचा ट्रान्सफॉर्मर

पिन छाटलेली वस्तू कुणी दुकानात आणली की मी ती लगेच हातात घेत नसे. आधी गिऱ्हाइकाकडे बघायचो. तोही माझ्याकडे बघत नसे. दोघांनाही कळलेलं असायचं की घरी धूर झालेला आहे, आता फक्त तो कसा झाला हे ऐकायचं आहे.

राम आळीच्या टोकाला माझं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, इस्त्री, पंखा, पूर्वी रेडिओ, पुढे टीव्ही. पण रत्नागिरीत नुसत्या देशी वस्तूंवर भागत नाही. इथली निम्मी घरं बोटीवर, आखातात नाहीतर अमेरिकेत कुणीतरी असलेली. त्यामुळे जगातल्या सगळ्या बंदरांवरची यंत्रं कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन उताणी पडली. त्यातली बरीचशी एकाच रोगाने गेलेली असायची. पिन भिंतीत बसत नाही म्हणून घरातल्या कुणीतरी शहाण्याने ती छाटायची, दोन्ही वायरी सोलायच्या, सॉकेटच्या भोकांत खुपसायच्या आणि वरून काडेपेटीच्या दोन काड्या पाचरीसारख्या मारायच्या. ही आमच्याकडची जुनी कला आहे. तिच्यामुळे माझं घर चाललं, म्हणून मी तिला फार नावं ठेवत नाही.

पण खरं सांगायचं तर ती न बसणारी पिन म्हणजे कारखानदाराने दिलेली सूचना असते. तो सांगत असतो की बाबा, हे यंत्र तुमच्या भिंतीसाठी नाही. आपल्याकडे भिंतीत दोनशे तीस व्होल्ट असतात. अमेरिकेत एकशे वीस, जपानात शंभर. दुबईत आपल्याइतकेच, पण पिन वेगळी. व्होल्टेज म्हणजे जोर. टाकी उंचावर असली की नळाला जोर जास्त, इतकं समजलं तरी पुरे. कमी जोराच्या यंत्रात जास्त जोर सोडला की ते जळतं, आणि जास्त जोराचं यंत्र कमी जोरावर लावलं की ते नुसतं कण्हतं. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या किती आयांना मी सांगितलं असेल की मिक्सर नेऊ नका. तिथे तो फिरेल, पण वाटण होणार नाही, खोबरं आपलं आतल्या आत फेऱ्या मारील. त्या मान डोलवायच्या आणि साड्यांच्या घडीत गुंडाळून मिक्सर न्यायच्याच.

मोबाइलच्या नि लॅपटॉपच्या चार्जरची काळजी नसते. त्यावर बारीक अक्षरात शंभर ते दोनशे चाळीस असं छापलेलं असतं. तो कुठेही चालतो, त्याला नुसती पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. पण जे तापतं आणि जे जोरात फिरतं, म्हणजे इस्त्री, कुकर, केस वाळवायचं यंत्र, मिक्सर, त्यावर बहुधा एकच आकडा असतो आणि तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अडॅप्टर फक्त पिन जुळवतो. पत्रिका जुळली म्हणजे स्वभाव जुळला असं नव्हे.

हे लोकांच्या गळी उतरवणं कठीण. आमच्याकडे संध्याकाळी दिवे लालसर झाले की ‘लाइट डीम आली’ म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणजे फ्रिजचा स्टेबिलायझर. एक आंबेवाले बागायतदार मुलाकडे अमेरिकेला निघाले होते. तिकडे एकशे वीसच व्होल्ट असतात हे ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं. एवढा मोठा देश आणि कायम डीम, असं म्हणून ते मुलासाठी दोन स्टेबिलायझर घ्यायला आले. स्टेबिलायझर घसरलेलं व्होल्टेज थोडंफार सावरतो, देशाचं व्होल्टेज बदलत नाही, हे समजावताना माझे तीन चहा झाले.

मीसुद्धा काही सर्वज्ञ नव्हतो. एका निवृत्त हेडमास्तरांनी अमेरिकेतल्या लेकीकडून भिंतीच्या विजेवर चालणारं उशाशी ठेवायचं घड्याळ आणलं होतं. मी ऐटीत त्याला व्होल्टेज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर करून दिला. घड्याळ जळलं नाही, पण तासाला दहा मिनिटं मागे पडू लागलं. व्होल्टेजबरोबर विजेची एक लयही असते. अमेरिकेत सेकंदाला साठ ठोके, आपल्याकडे पन्नास, आणि ते घड्याळ ठोके मोजून चालायचं. मी फक्त जोर बघितला, ठोके विसरलो. मास्तर मात्र आठ दिवस घड्याळ बरोबर आणि आपली झोप बिघडली असं समजून वैद्याचं चूर्ण घेत होते. खरं कारण सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे आपला देश तासाला दहा मिनिटं मागे आहे, हे मी वर्गात सांगायचो ते खोटं नव्हतं.’’

पण आज सांगायची आहे ती गोष्ट सुलूतायच्या कुकरची. चाळीस वर्षांत मी एकच वस्तू खोटी बनवली. ती का बनवली आणि तिने मला कसं धावायला लावलं, हे एकदा लिहून टाकलं की मी मोकळा होईन.

सुलूताय मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी विकायची. नवरा लवकर गेला, मुलगा मंगेश एकुलता. तो मोठ्या बोटीवर इंजिनखात्यात लागला आणि पहिल्याच सफरीत, पहिल्या पगारात, त्याने जपानात आईसाठी विजेचा भाताचा कुकर घेतला. त्याची रजा अजून दूर होती, म्हणून घरी परतणाऱ्या एका सोबत्याबरोबर तो पुढे पाठवून दिला. पांढराशुभ्र, वर गुलाबी फुलं, आणि एकच बटण.

सुलूताय एके दिवशी दुपारी तो कुकर टॉवेलात गुंडाळून दुकानात आली. टॉवेल सोडला आणि जळका वास सगळ्या आळीत गेला. पिन छाटलेली होतीच.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कुकर आल्यापासून आठ महिने शोकेसमध्ये होता. विजेवर भात शिजवायचा म्हटलं की ती लांबूनच हात जोडायची. पण मंगेश फोनवर रोज विचारायचा आणि ती रोज सांगायची की छान चालतो, आजच लावला होता. आता त्याची रजा आठ दिवसांवर आली. कुकर असा कोरा दिसला तर खोटं उघडं पडेल, एखादा तरी डाग पडायला हवा, म्हणून तिने धीर करून तो बाहेर काढला. पिन बसेना. शेजारच्या दिराने ती छाटून काड्या मारल्या. पाण्याला आधण आलं ते इतक्या झपाट्यानं की दीर म्हणाला, जपानी लोक पुढे गेले ते उगीच नाही. मग धूर आला.

झालं होतं ते साधं होतं. शंभराच्या कुकरात दोनशे तीस घातले की तो सव्वादोन पट नाही, पाचपटीहून जास्त तापतो. आतली तापायची पट्टी जळून गेली होती.

‘‘भाऊ, त्याला सांगू नुको,’’ सुलूताय म्हणाली. ‘‘पयल्या पगारातला हाय. मना रोज इचारतो, नि मी रोज खोटा सांगितलाय. आता त्यानं बघितलान तर त्याला काय वाटंल? भगवतीची आण हाय तुला.’’

किल्ल्यावरच्या भगवतीची आण म्हटल्यावर माझ्या हातात काही उरलं नाही. शिवाय तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि जेटीवर पापलेटाच्या भावावरून भल्याभल्यांना रडवणारी ही बाई मी कधी रडताना बघितली नव्हती.

जपानी पट्टी इथे मिळायची नाही. मी आपल्याकडच्या एका कुकरची दोनशे तीसची पट्टी कापूनकुपून आत बसवली, तापमानाचं बटण तिच्याशी जुळवलं, दोन वाट्या तांदूळ दुकानातच शिजवून बघितले. उत्तम भात झाला. आता कुकर आतून पुरता रत्नागिरीचा होता, बाहेरून मात्र जपानचा. पण सुलूतायला तो होता तस्साच दिसायला हवा होता. म्हणून मी भंगारातून एक चपट्या दोन पात्यांची पिन शोधून त्याला लावली आणि भिंतीत घालायला अडॅप्टर दिला. बुडाचा शंभर व्होल्टचा कागदही ठेवला. इथे माझं चुकलं. जन्मभर लोकांना सांगत आलो की पिन कधी खोटं बोलत नाही, आणि मीच तिला खोटं बोलायला शिकवलं.

मंगेश रजेवर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात उभा राहिला. सुस्वभावी मुलगा, पण चेहरा गंभीर होता.

‘‘काका, अडॅप्टर तुम्ही दिलात ना? कुकरचं व्होल्टेज बघितलं होतंत?’’

चाळीस वर्षांच्या धंद्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगणार तोच भगवती आठवली, म्हणून आधी त्यालाच बोलू दिलं.

त्याची कहाणी आईच्या कहाणीची दुसरी बाजू होती. कुकर पाठवल्यावर महिनाभराने बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनने त्याला विचारलं की व्होल्टेज पाहिलंस का, हा घरी लावला तर घर पेटेल. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. फोनवर आईला विचारायचा, कुकर चालतो का? ती म्हणायची, छान. वास येतो का? येतो, भाताचा. फार गरम होतो का? अरे, भात गरमच असतो. आई रोज शंभराचा कुकर दोनशे तीसवर लावते आणि तो जळत नाही, हे त्याच्या आकलनापलीकडचं होतं. पण आपण चुकीची वस्तू आणली हे तिला सांगवत नव्हतं. तिने सगळ्या जेटीला तो कुकर दाखवला होता.

‘‘ट्रान्सफॉर्मर करून द्या,’’ तो म्हणाला. ‘‘आईला सांगेन स्टेबिलायझर आहे म्हणून. तिला काही कळता कामा नये, काका. शब्द द्या.’’

मी शब्द दिला. एका घरातल्या दोन माणसांना, एकाच कुकरबद्दल.

आता माझी अवस्था बघा. कुकरला दोनशे तीस हवे होते. खरा ट्रान्सफॉर्मर दिला, की कुकरला मिळणार शंभर, म्हणजे तांदूळ दिवसभर कोमट पाण्यात बसणार. नको म्हणावं, तर मंगेश विचारणार का नको, आणि माझ्यापाशी आण न मोडणारं एकही उत्तर नव्हतं. देत नाही म्हणावं, तर तो कोल्हापूरहून आणणार. इकडे आड तिकडे विहीर.

त्या दिवशी मी एका जुन्या स्टेबिलायझरचा पत्र्याचा खोका घेतला आणि रिकामा केला. एका बाजूने वायर आत घेतली, दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी बाहेर चपट्या पिनच्या सॉकेटला नेली. भिंतीतले दोनशे तीस आत, दोनशे तीस बाहेर. वर एक बटण आणि लाल दिवा बसवला. पण खोका हलका लागत होता, आणि इंजिनखात्यातल्या मुलाला ट्रान्सफॉर्मरचं वजन ठाऊक असणार. दुकानाच्या मागे कुंपणाच्या गडग्याचा जांभा दगड पडला होता. त्यातला बेताचा तुकडा तासला, गोणपाटात घट्ट गुंडाळला, आत बसवला आणि झाकण स्क्रूने पक्कं केलं. मंगेशने खोका उचलला, वजन तोलून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. खोक्यावर शंभर व्होल्ट असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं.

चार दिवसांनी तो येऊन सांगून गेला की उत्तम चालतंय, दिवा लागतो, भात मोकळा होतो, आई खूश आहे. मलाही बरं वाटलं. दोन माणसांची मनं राखली आणि कुणाचं नुकसान नाही, असा हिशेब मी मनाशी केला. तो बोटीवर गेला आणि मी खोका विसरलो.

वर्षभराने सकाळी दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. आदल्या दिवशी रजेवर आला होता, आवाज आनंदी होता.

‘‘काका, आईचे गुडघे फार दुखतात म्हणून या वेळी पाय चेपायचं यंत्र आणलंय. जपानचंच, शंभरचं. पण आता चिंता नाही, आपला ट्रान्सफॉर्मर आहेच. आत्ताच लावतोय.’’

मी ‘थांब’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

मी स्कूटर काढली. दुकान उघडं, इस्त्री चालू ठेवलेली, हे मला नंतर आठवलं. डोळ्यांपुढे फक्त सुलूतायचे पाय दिसत होते, त्या यंत्रात घातलेले, आणि यंत्राची पिन माझ्या खोक्यात. पेठकिल्ल्याच्या वाटेवर बर्फाचा टेम्पो आडवा लागला होता. ड्रायव्हर लाद्या उतरवत होता आणि त्याला जगात कसलीही घाई नव्हती. मी स्कूटर तिथेच टाकली आणि साठी उलटलेल्या माणसाने धावू नये तसा धावलो. वाटेत कुणीतरी विचारलं की मिस्त्री, आग कुठे लागली. मी मनात म्हटलं, मीच लावून ठेवलीय.

घरात शिरलो तेव्हा सुलूताय खुर्चीत बसली होती. दोन्ही पाय यंत्रात, पदर सावरून, फोटोला बसल्यासारखी. मंगेश खोक्याशी वाकला होता आणि पिन त्याच्या बोटांत होती.

‘‘हात काढ,’’ मी एवढंच म्हणू शकलो. मग दम लागून दारातच खाली बसलो.

पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. आण गेली, शब्द गेला. जळलेली पट्टी, बदललेली पट्टी, खोटी पिन, खोटा खोका. मंगेशचा विश्वास बसेना. मी खिशातला पेचकस काढून चारही स्क्रू सोडले आणि खोका पालथा केला. गोणपाट सुटून जांभ्याचा तुकडा फरशीवर पडला आणि लाल भुगा इकडेतिकडे सांडला.

मंगेशने तो दगड उचलून हातात तोलला. मग माझ्याकडे वळला.

‘‘काका, माझ्या आईचे पाय होते त्यात.’’

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी हात जोडले. चुकलो म्हणालो, आणि अजूनही तेच म्हणतो. मनं राखायची असतील तर दुसऱ्या कशात राखावी, व्होल्टेजमध्ये राखू नये.

 सुलूतायने पाय हळूच यंत्रातून काढले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, ‘‘भाऊला नुको बोलू. तो खोका काय कामाचाच नव्हता.’’

‘‘म्हणजे?’’ मंगेशने विचारलं.

‘‘मी त्या कुकरात भात कदी लावलाच न्हाय.’’

 मग तिने सांगितलं. धूर बघितल्यापासून त्या कुकराला हात लावायचा तिला धीरच झाला नाही. मंगेश रजेवर असताना ती पहाटे उठून गॅसवर टोपात भात करायची, कुकरात ओतायची, झाकण लावायची आणि खोक्याचं बटण दाबून लाल दिवा लावायची. कुकरची पिन मात्र मागच्या बाजूला नुसती लोंबत असायची. मंगेश स्वयंपाकघराच्या दारातून दिवा बघायचा आणि मोकळा भात खाऊन आईच्या कुकराचं कौतुक करायचा.

म्हणजे ज्या पट्टीसाठी मी आठ दिवस खपलो, जिची पुढे मनातल्या मनात फुशारकी मारली, तिने माझ्या दुकानातल्या दोन वाट्यांखेरीज तांदळाचा दाणा बघितला नव्हता. आणि माझ्या खोक्यातून वर्षभरात दिव्याखेरीज कशालाच वीज गेली नव्हती. मी दोघांना फसवलं होतं, दोघांनी एकमेकांना फसवलं होतं, आणि सगळ्यांत बेमालूमपणे फसवलं होतं ते मला.

आधी मंगेश हसला. मग सुलूताय. मी सर्वांत शेवटी, कारण माझा दम अजून परत आला नव्हता.

पाय चेपायच्या यंत्राला मी पुढच्या आठवड्यात खरा ट्रान्सफॉर्मर करून दिला, उघडून दाखवून, तांब्याची वेटोळी मंगेशला मोजायला लावून. पण त्या दिवशी तिथल्या तिथे कुकराची चपटी पिन कापली, शेजारून आपली तीन खांबांची पिन मागवून बसवली, बुडाचा शंभराचा कागद नखाने खरवडून काढला आणि त्या जागी दोनशे तीस असं ठळक लिहिलं. मग मंगेश म्हणाला की आता यात भात लावायचाच, आत्ताच, आणि तिघांनी समोर बसून बघायचा.

सुलूतायने तांदूळ धुतले. पिन मी घातली. बटण तिने दाबावं असं आम्ही ठरवलं, पण तिने ते मंगेशकडून दाबून घेतलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग झाकणातून वाफ आली आणि ती वाफच आहे, धूर नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. पंचविसेक मिनिटांनी बटण खट्टकन वर आलं. तिने झाकण उघडलं. शीत न् शीत सुटं होतं. माझी छाती जरा फुगली, नाकारण्यात अर्थ नाही.

तिने तिघांची ताटं घेतली. भात, वर सुरमईची आमटी. पहिला घास तिने स्वतः घेतला, डोळे मिटून, आणि मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

‘‘बरा झालाय,’’ ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘‘पन टोपातलाच बरा.’’

मंगेशने घास गिळला, आईकडे बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कुकराबद्दल खरं बोलला.

‘‘होय गो आये, टोपातलाच बरा.’’

आणि ताट पुढे करून त्याने कुकरातला भात पुन्हा मागितला.